सळईची पकड

चेन्नईहून उत्तरेकडे आंध्राच्या दिशेने जाणाऱ्या लोहमार्गावर सुमारे ४५ किलोमीटरांवर गुम्मिडिपूंडी नावाचे स्थानक लागते. नाव उच्चारताना मराठी जिभेची थोडी परीक्षाच होते. तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील हे गाव. पूर्वेस पुलिकतचे खारे सरोवर, त्याच्या पलीकडे बंगालचा उपसागर आणि उत्तरेस थोड्याच अंतरावर आंध्र प्रदेशाची हद्द. आपल्याकडे जशी एम.आय.डी.सी., तशी तमिळनाडूत सिपकॉट; तिची एक मोठी औद्योगिक वसाहत येथे वसलेली आहे. या वसाहतीत आणि तिच्या आसपास भंगार लोखंड वितळवून त्याच्या बांधकामाच्या सळया करणारे कारखाने आहेत. लालबुंद लोखंडी कांब रुळांच्या एका जोडीतून दुसऱ्या जोडीत शिरते, प्रत्येक वेळी बारीक आणि लांब होत जाते, आणि अखेरच्या रुळांतून बाहेर पडते ती अंगावर तिरप्या धारा घेऊन.

या धारा कशासाठी? शोभेसाठी खचितच नव्हेत. सळई काँक्रीटमध्ये गाडली गेली म्हणजे तिचे दर्शन कोणालाच होत नाही. होऊ नये हेच बरे. कारण घराच्या छताला सळई दिसू लागली की घरमालकाची झोप उडते. या धारा आहेत पकडीसाठी. काँक्रीटने सळईला आणि सळईने काँक्रीटला घट्ट धरून ठेवावे, एवढ्या एकाच हेतूने त्या उमटविलेल्या असतात.

बांधकामावर सळयांचा ढीग पडलेला असतो. पाऊस पडतो, खारा वारा वाहतो, आणि चार दिवसांत ढिगावर तांबूस झाक येते. मग पर्यवेक्षक म्हणतो, माल गंजला, परत पाठवा. म्हातारा मुकादम म्हणतो, साहेब, थोडा गंज चांगला, सिमेंट धरून बसते. हा वाद मी चेन्नईकडे ऐकला आहे, तसाच रत्नागिरीतही ऐकला आहे. मी स्थापत्यशास्त्राचा पदवीधर नव्हे. इतिहासात एम.ए. करून सरकारी नोकरीत शिरलेल्या माणसाच्या टेबलावर इमारतींच्या दुरुस्तीची अंदाजपत्रके येतात, आणि ती वाचता वाचता काही प्रश्न त्याला चिकटतात. त्या वादात खरे कोणाचे, हा त्यांतला एक. त्याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा ते आर.सी.सी.च्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात पसरलेले आढळले.

लोखंड आणि सिमेंट यांची सोयरीक फ्रान्समध्ये जुळली. लाम्बो नावाच्या गृहस्थाने १८४८ च्या सुमारास लोखंडी जाळीवर सिमेंट थापून होडी केली आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात ती मांडली. मोनिए हा बागकाम करणारा. त्याने झाडांच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून त्यांत लोखंडी जाळी घातली आणि १८६७ मध्ये तिचे पेटंट घेतले. या दोघांनाही दोन्ही पदार्थ एकत्र नांदतात हे दिसले होते. का नांदतात याची चौकशी त्यांनी फारशी केली नाही. ती केली थॅडियस हायट या अमेरिकनाने. हा माणूस मोठा विलक्षण. गुलामगिरीच्या विरोधात झगडणारा. जॉन ब्राउनच्या उठावाच्या चौकशीत साक्ष देण्यास नकार दिला म्हणून १८६० मध्ये अमेरिकन सिनेटने त्याला तुरुंगात घातले. पदपथांत काचा बसवून तळघरांत उजेड आणण्याच्या धंद्यात त्याने पैसा मिळविला आणि तो प्रयोगांवर खर्च केला. १८७७ मध्ये लंडनमध्ये त्याने आपल्या प्रयोगांचा वृत्तांत खासगी रीत्या छापला. उष्णतेने लोखंड आणि काँक्रीट जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात, म्हणून उन्हाळ्या-हिवाळ्यात त्यांची फारकत होत नाही, ही फार मोलाची गोष्ट त्याने दाखवून दिली. लोखंड गुळगुळीत असू नये, त्याच्या अंगावर उंचवटे असावेत, हेही त्याने ओळखले होते.

त्यानंतर सात वर्षांनी, १८८४ मध्ये, अर्नेस्ट रॅन्सम याने अमेरिकेत चौकोनी सळईला पीळ देण्याचे पेटंट घेतले. पीळ दिलेली सळई काँक्रीटमधून सरळ ओढून निघत नाही. स्क्रूसारखी अडकून बसते. सॅन फ्रान्सिस्कोच्या उद्यानात १८८९ मध्ये त्याने अशा सळया घालून एक लहानसा कमानी पूल बांधला. गुम्मिडिपूंडीच्या रुळांतून निघणाऱ्या तिरप्या धारांचे कूळ शोधू गेल्यास ते या पिळापर्यंत जाऊन पोहोचते.

आता पकड म्हणजे नेमके काय, हे सांगितले पाहिजे. तुळईवर भार आला की तिची खालची बाजू ताणली जाते. काँक्रीटला दाब सोसतो, ताण सोसत नाही; म्हणून खालच्या बाजूस सळई घालतात. पण काँक्रीटमधला ताण सळईत शिरणार कसा? मध्ये दोरी नाही, खिळा नाही. तो शिरतो फक्त दोहोंच्या स्पर्शातून. सळई काँक्रीटमध्ये सैल बसली तर ती तेथे असून नसल्यासारखी. नळीत ठेवलेल्या काठीने नळी बळकट होत नाही, तशातली गत. तेव्हा आर.सी.सी. इमारतीचे सारे गणित या एका अदृश्य पकडीवर उभे आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या पकडीची पहिली पद्धतशीर मोजणी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डफ एब्रम्स याने केली. त्याचा अहवाल १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काँक्रीटच्या ठोकळ्यात सळई रोवायची, काँक्रीट पक्के झाल्यावर ती यंत्राने ओढायची, आणि किती जोराने ती सरकते हे पाहायचे, अशी त्याची रीत. पकड एका प्रकारची नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. पहिली चिकटण्याची; ती सळई केसभर सरकताच संपते. दुसरी घर्षणाची. आणि तिसरी धारांची, म्हणजे उंचवट्याने काँक्रीटमध्ये खांदा देऊन बसण्याची. गुळगुळीत सळईला पहिल्या दोनच मिळतात. म्हणून आपल्याकडील जुन्या इमारतींत साध्या गोल सळयांची टोके आकड्यासारखी वळविलेली आढळतात; मधली पकड सुटली तरी टोकाने धरावे, असा तो बंदोबस्त.

या अहवालात आमच्या मुकादमाच्या बाजूची एक साक्ष आहे. गंजलेल्या सळयांची पकड गिरणीतून जशाच्या तशा आलेल्या सळयांपेक्षा सुमारे १५ टक्के अधिक भरली, असे एब्रम्सला आढळले. कारण उघड आहे. गंजाने पृष्ठभाग खरखरीत होतो आणि घर्षण वाढते. म्हणजे मुकादम अडाणीपणाने बोलत नव्हता. आपले भारतीय मानक आय.एस. ४५६ हेही सळईवर गंज मुळीच नको असे म्हणत नाही; 'सुटा' गंज, सुटी पापडी, रंग, तेल, चिखल नको असे म्हणते. गोणपाटाने घासून जे निघेल ते काढावे. जे घट्ट बसले आहे त्याने बिघडत नाही.

येथवर गंज मित्र आहे. पण हा झाला काँक्रीट घालण्यापूर्वीचा गंज. काँक्रीट घातल्यानंतर, आत, बंद अंधारात जो गंज धरतो त्याची जात वेगळी.

वस्तुतः चांगल्या काँक्रीटमध्ये सळई गंजत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून तीव्र अल्कधर्मी वातावरण निर्माण होते, आणि त्यात लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा एक संरक्षक पापुद्रा धरतो. जुने काँक्रीट फोडले असता आतली सळई स्वच्छ निघते, हे पाहून विसाव्या शतकाच्या आरंभीचे अभियंते हर्षभरित झाले. लोखंडी पुलांना दर काही वर्षांनी रंग द्यावा लागे. आता ती कटकट मिटली, असा त्यांचा समज झाला. तो अर्धाच खरा होता. हवेतील कार्बन डायॉक्साइड सावकाश आत मुरतो आणि काँक्रीटचा अल्कधर्म मारतो. आणि समुद्राच्या मिठातील क्लोराइड तर तो पापुद्रा थेट भोकसते. सळईवरचे काँक्रीटचे आवरण जितके पातळ आणि सच्छिद्र, तितका हा प्रवास लवकर पुरा होतो.

आणि आपण आर.सी.सी. बांधले कोठे? मुख्यतः समुद्रकाठी. भारतात सिमेंट करण्याचा पहिला प्रयत्न १९०४ मध्ये मद्रासलाच झाला, तोही समुद्रातील शिंपल्यांच्या चुन्यापासून. तो टिकला नाही. पोरबंदरचा कारखाना १९१४ मध्ये सुरू झाला. १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन ए.सी.सी. निघाली, आणि त्याच दशकात मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर काँक्रीटच्या इमारतींची ती प्रसिद्ध रांग उभी राहू लागली. मद्रासेत कूवम नदीच्या मुखाशी नेपियर पुलाच्या काँक्रीटच्या कमानी १९४३ मध्ये पुऱ्या झाल्या. पुढे मुंबईत खाडीची वाळू सर्रास वापरली गेली. बाहेरचे मीठ आत शिरायला वर्षे लागतात. येथे ते वाळूबरोबर पहिल्याच दिवशी घमेल्यातून आत गेले.

आत धरलेला गंज पकडीचे काय करतो? लोखंडाचा गंज झाला म्हणजे त्याचे आकारमान दुपटीपासून सहापटीपर्यंत वाढते. बाहेर, उघड्यावर, त्याला फुगायला आकाश मोकळे असते. काँक्रीटमध्ये ते नसते. म्हणून फुगणारा गंज चहूबाजूंनी काँक्रीटवर रेटा देतो. काँक्रीट उलट रेटा देते. आणि या रेटारेटीत सळई पूर्वीपेक्षा अधिक घट्ट आवळली जाते. म्हणजे पकड आरंभी वाढते! सौदी अरेबियातील धहरान येथील संशोधकांनी १९९० मध्ये यावर प्रसिद्ध केलेले प्रयोग पुष्कळ उद्धृत केले जातात. त्यांनी ठोकळ्यांतील सळया विजेच्या प्रवाहाने मुद्दाम लवकर गंजविल्या आणि मग ओढून पाहिल्या. वजनाने सुमारे एक टक्का लोखंड गंजेपर्यंत पकड वाढत गेली. त्यानंतर ती घसरली. विजेने घाईघाईने आणलेला गंज आणि वर्षानुवर्षे धरलेला गंज यांत फरक असतो, आणि निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत; पण आधी चढ आणि मग उतार, हे चित्र सर्वत्र दिसते.

एक टक्का म्हणजे किती, याचा मी एकदा कागदावर हिशेब केला. चार सुती, म्हणजे १२ मिलिमीटर व्यासाची सळई घ्या. तिचे एक टक्का लोखंड जाणे म्हणजे पृष्ठभागावरून एका मिलिमीटरचे अवघे तीन शतांश झिजणे. सळईची ताकद त्याने नाममात्र कमी होते. अंदाजपत्रकात तिची नोंदही कोणी करणार नाही. पण तेवढ्या झिजेतून फुगलेला गंज वरचे आवरण फोडायला पुरेसा असतो. काँक्रीटला सळईच्या रेषेतच, तिच्या लांबीला समांतर, बारीक चीर पडते. आवळून धरणारी मूठच उलगडली. मग रेटा कोणाच्या आधाराने टिकणार? धारांना खांदा द्यायला काँक्रीट उरत नाही, आणि सळई व काँक्रीट यांच्यामध्ये गंजाचा भुसभुशीत थर येतो. जो पदार्थ काल घर्षण वाढवीत होता, तोच आज वंगणासारखा वागू लागतो. सळई तुटण्याच्या किती तरी आधी पकड सुटते.

चीर पडल्यावरही सारी घरे लगेच कोसळत नाहीत, हे आपण पाहतो. त्याला कारण आहे. तुळईत सळयांभोवती ज्या रिंगा बांधलेल्या असतात त्या चिरलेल्या काँक्रीटला बांधून ठेवतात. रिंगा जवळजवळ असल्या आणि स्वतः शाबूत असल्या तर पकड पुष्कळ टिकते. दुर्दैव असे, की रिंगा बारीक सळईच्या आणि पृष्ठभागाला सर्वांत जवळ. गंज त्यांनाच पहिल्यांदा गाठतो. दुसरे, सळईची टोके खांबात खोल रुतलेली असली तर मध्ये पकड गेली तरी तुळई कमानीसारखी भार पेलत राहते. जुन्या आकड्यांनी अशी किती घरे आजवर सांभाळली असतील कोण जाणे. स्लॅबमध्ये मात्र बहुधा रिंगा नसतात.

स्वातंत्र्यानंतरच्या आपल्या इतिहासातला एक टप्पा येथे निर्णायक आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही असे माझे मत आहे. १९५० च्या दशकापर्यंत आपण साध्या पोलादाच्या गोल सळया वापरीत होतो. पोलादाची टंचाई होती. थंड स्थितीत पीळ दिलेल्या, धारांच्या सळयांचे भारतीय मानक १९६१ मध्ये निघाले, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत 'टॉर' सळईने देश व्यापला. साध्या पोलादाची ताण सोसण्याची गणनीय मर्यादा दर चौरस मिलिमीटरला २५० न्यूटन, तर टॉरची ४१५. म्हणजे तेच काम कागदावर ४० टक्के कमी पोलादात होते. गरीब देशाला हे मोठेच वरदान होते, आणि ज्यांनी ते आणले त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. पण हिशेबाची दुसरी बाजूही होती. तोच ताण बारीक सळईतून न्यायचा, तर सळईचा परीघ सुमारे एक-पंचमांशाने घटतो. म्हणजे दर इंचाच्या पकडीवर ओझे वाढते. धारांनी ते पेलले. आजच्या मानकातही गुळगुळीत सळईपेक्षा धारांच्या सळईची पकड ६० टक्के अधिक धरण्याची मुभा आहे. पण धारांची पकड सभोवतीच्या काँक्रीटच्या एकसंधपणावर अवलंबून. आणि पिळलेल्या पोलादाला खाऱ्या हवेत गंजही लवकर धरतो असा समुद्रकाठचा अनुभव आला. अशा वेळी वरचे आवरण वाढवायला हवे होते. १९७८ च्या मानकाप्रमाणे सर्वसाधारण स्लॅबला १५ मिलिमीटर आवरण पुरत असे. खाऱ्या पाण्याच्या संपर्कासाठी जादा तरतूद होती, पण नुसत्या खाऱ्या वाऱ्यातल्या घराला ती कोण लावतो! किनाऱ्यासारख्या तीव्र परिस्थितीसाठी ४५ मिलिमीटर आणि त्याहून अधिक, अशी पायरीपायरीची वाटणी २००० च्या आवृत्तीत आली. मधल्या बावीस वर्षांत मुंबई, ठाणे, चेन्नई किती वाढली, हे आपण जाणतोच.

टॉर सळई आता मागे पडली आहे. आज गुम्मिडिपूंडीसारख्या ठिकाणी होते ती टी.एम.टी.; तप्त सळईवर पाण्याचे फवारे सोडून तिची साल कठीण करतात, गाभा मऊ राहतो, पिळण्याची गरज पडत नाही. धारा रुळांतल्या खाचांनी उमटतात. रूळ झिजले आणि वेळेवर बदलले नाहीत तर धार बोथट उमटते, आणि सळई ताणाच्या परीक्षेत उत्तीर्ण होऊनही पकडीत उणी पडते. म्हणून धारांची उंचीही मोजावी, असे मानक सांगते. बांधकामावर ती मोजताना मी अद्याप कोणाला पाहिलेले नाही.

गंजावर उपाय म्हणून सळईला लेप देण्याचे प्रयत्न झाले. तमिळनाडूतच कारैकुडी येथे, अळगप्पा चेट्टियार यांनी दिलेल्या जमिनीवर आणि देणगीतून, केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था उभी राहिली. १९४८ मध्ये तिचा पाया पंडित नेहरूंनी घातला आणि १९५३ मध्ये ती सुरू झाली. रामेश्वरच्या वाटेवर मंडपम येथे, अत्यंत खाऱ्या हवेत, तिने धातूंच्या गंजाची परीक्षा घेणारे केंद्र चालविले. सिमेंटवर आधारलेले लेप तिने सुचविले. दुसरीकडे परदेशातून एपॉक्सीचा लेप आला आणि त्याचे भारतीय मानक १९९३ मध्ये निघाले. एपॉक्सीचा लेप गंज रोखतो खरा, पण तो गुळगुळीत असतो. त्यामुळे पकड कमी होते आणि सळई अधिक लांब रोवावी लागते. गंजू दिले तर पकड जाते, आणि गंजू नये म्हणून झाकले तरी ती थोडी जाते, असा हा पेच आहे.

पकड सुटल्यावर काय होते याचा मोठा धडा मराठी मुलखाला लागूनच मिळाला. पणजीजवळ मांडवी नदीवरचा नेहरू पूल १९७० मध्ये वाहतुकीस खुला झाला. ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला. वय अवघे सोळा वर्षांचे. हा पूल साध्या आर.सी.सी.चा नव्हता, ताणून बसविलेल्या पोलादी तारांच्या जुड्यांवर तो तोललेला होता, आणि त्या तारा गंजल्या होत्या. अशा बांधकामात तारांच्या नळीत सिमेंटचा पातळ राडा दाबून भरतात. तो तारेला गंजापासून वाचवतो आणि तोच तिला काँक्रीटशी बांधतो. भरताना पोकळी राहिली की दोन्ही कामे एकदमच फसतात. गोमंतकीयांना पुन्हा फेरीबोटीने नदी ओलांडावी लागली. नवा पूल १९९२ मध्ये आला. मुंबईकरांच्या परिचयाचा वाशीचा खाडीपूल १९७३ चा. त्याच्याही तारांना गंजाने ग्रासले. बाहेरून जादा तारा ताणून त्याला आधार द्यावा लागला आणि शेजारी दुसरा पूल बांधावा लागला.

पूल पडला की चौकशी होते. घराच्या स्लॅबची चीर मात्र अंदाजपत्रकात येते ती 'गिलावा व रंगकाम' या सदराखाली. मुंबईत जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये कायदा होऊन मंडळ निघाले. तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी करण्याचे बंधनही पुढे आले. तरीही सळईच्या रेषेतली सरळ चीर आणि गिलाव्याची वेडीवाकडी चीर यांतला भेद अंदाजपत्रक लिहिणाऱ्याने करावा, अशी सक्ती मला अजून कोणत्याही नमुन्यात आढळलेली नाही. सरळ चिरेवर गिलावा फिरविला की ती झाकते. आत गंज फुगतच राहतो, आणि एक-दोन पावसाळ्यांनी नवा गिलावा जुन्या काँक्रीटची खपली घेऊन खाली येतो. शाळेच्या वर्गात तो कोठे पडेल याचा नेम नसतो.

खरी दुरुस्ती वेळखाऊ आहे. हातोडीने ठोकून पाहायचे. जेथे पोकळ आवाज येतो तेथले काँक्रीट काढायचे. ते सळई दिसेपर्यंतच काढून भागत नाही, सळईच्या मागेही बोट जाईल इतके काढावे लागते. कारण पकड सळईच्या सगळ्या परिघाने घ्यायची असते, आणि पुढून नवे व मागून जुने, खारावलेले काँक्रीट राहिले तर गंज मागच्या बाजूने पुन्हा धरतो. मग सळई तारेच्या ब्रशने किंवा वाळूच्या माऱ्याने पांढरी करायची, जेथे ती फार झिजली असेल तेथे शेजारी नवी सळई पुरेशी लांब जोडायची, आणि मगच नवे काँक्रीट भरायचे. हे सारे करीपर्यंत स्लॅबला खालून टेकू द्यावे लागतात आणि वरच्या बिऱ्हाडाला काही दिवस दुसरीकडे राहावे लागते. गिलाव्याचा दर चौरस मीटरवर ठरतो. या कामाची मोजणी मात्र काँक्रीट उघडल्याशिवाय करता येत नाही, आणि आमच्या लेखा शाखेला काम उघडण्यापूर्वी आकडा हवा असतो.